डोहाळ्यांचा ससा

सशाला तीर मारणं ज्यांना सोपं वाटतं, त्यांनी तो कधी मारलेला नसतो. मी मारले आहेत. ते सशाला लागले का, हे मध्येच विचारू नका; ओघानं येईल. आता सशाची शिकार हा गुन्हा आहे आणि तो असावाच. आमच्या टोळीला मात्र कोणत्याही कोर्टानं पुराव्याअभावी सोडून दिलं असतं.

बाहत्तरच्या दुष्काळातली ही गोष्ट. आमचं गाव धारूरच्या डोंगराखाली. वडील दोन्ही बैल घेऊन लांबच्या चारा छावणीत जाऊन राहिले होते. घरात माय, मी आणि माझी थोरली बहीण, अशी तिघं. अक्काला युसूफ वडगाव या गावी दिलेलं होतं आणि सातव्या महिन्यात ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. जनावरांत उरली होती कशीबशी वाटीभर दूध देणारी एक शेळी आणि एक कोंबडी. माय आणि मी नालाबांधाच्या दुष्काळी कामावर जायचो. तिथं सगळ्यांना सुकडी मिळायची, ते गोडसर पीठ. आम्ही खायचो, पण अक्काला त्याच्या वासानंच मळमळायचं. तिचं पोट वाढत होतं आणि बाकीची ती वाळत चालली होती. मला तिच्याकडे बघून भीती वाटायची.

मायला वेगळीच भीती होती. पोटुशीचे डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचा कान फुटतो, यावर तिचा देवापेक्षा जास्त विश्वास. पुरावाही तिच्याजवळ तयार होता. आमच्या आळीत एक म्हातारा होता, त्याचा डावा कान जन्मापासून वाहत होता. का, तर त्याच्या आईला भर उन्हाळ्यात सीताफळ खावंसं वाटलं होतं आणि घरच्यांनी दिलं नाही. उन्हाळ्यात सीताफळ आणायचं कुठून, असं मी एकदा विचारलं, तर माय म्हणाली, "म्हून काय पोराचा कान फोडायचा?"

अक्का आली त्याच दिवशी मायनं विचारलं, काय खावंसं वाटतंय. अक्का सहज म्हणाली, "एखादं अंडं मिळालं तर बघ." आमच्या कोंबडीनं दुष्काळ पडल्यापासून अंडी देणं बंद केलं होतं. मायनं तिला थोडा वेळ न्याहाळलं आणि संध्याकाळी कापली. "आत एखादं असंल तर तेबी मिळंल," म्हणाली. आत काही नव्हतं. अक्कानं रस्सा खाल्ला, पण एवढंसं तोंड करून खाल्ला. पुढचे चार दिवस माय रोज सकाळी कामावर निघताना तेच विचारायची आणि अक्का म्हणायची, "काय न्हाई." मायचा जीव टांगणीला लागला. काहीच खावंसं वाटत नाही म्हणजे पोरगी लपवते आहे, हे तिनं ताडलं होतं.

पाचव्या दिवशी अक्का म्हणाली, "ससा."

माय इतकी खूश झाली की तिनं पदर खोचला. आता ससा येणार कुठून, तर माझ्याकडून. मी वीस वर्षांचा होतो आणि घरात दुसरा गडी नव्हता.

"आळीतली कुत्री घेऊन जातो," मी म्हणालो.

"कुत्र्याच्या तोंडातला मला चालायचा न्हाई," अक्का म्हणाली.

"मग जाळं लावतो."

"जाळ्यात तडफडून मेलेला नको. तीरानं मारलेला पायजे."

"तीरानं? कावून?"

"डोहाळ्याला कारण नसतंय," मायनं परस्पर निकाल दिला. "तीर म्हनली तर तीर."

मी हो म्हणालो. अक्काच्या गळ्याशी हात ठेवून शपथ घेतली की बाळंतपणाआधी तीरानं मारलेला ससा तुझ्या ताटात पडेल. मी शपथ घेताना अक्का माझ्याकडे फार मायेनं बघत होती, एवढं मला आठवतं. मला वाटलं, माझ्या मर्दुमकीवर तिचा विश्वास आहे.

बांधावर दगड फोडताना मी हे दोस्तांना सांगितलं आणि तिथंच घोटाळा झाला. त्या वर्षांत आमच्या गावाला सोसायट्यांचं वेड लागलं होतं. कर्जाची सोसायटी होती, दुधाची होती. दुष्काळात सोसायटीत घालायला दूध नव्हतं, पण दूध सोसायटीची मासिक सभा चुकत नव्हती. रिकामे कॅन मांडून त्यावर संचालक बसायचे. चार माणसांनी मिळून कुठलंही काम काढलं की त्याला चेअरमन लागायचाच. त्यामुळे मी ससा म्हणालो आणि एक दोस्त लगेच म्हणाला, "मग रीतसर करू ना बे."

हा दोस्त कर्जाच्या सोसायटीच्या सचिवाचा मुलगा. बापाच्या हाताखाली ठराव लिहून लिहून त्याचं अक्षर वळलं होतं. त्यानं घरून एक कोरी वही आणली, वर 'प्रोसिडिंग बुक' असं लिहिलं आणि आमची ससे शिकार सोसायटी स्थापन झाली. दुसरा सभासद माझा चुलत भाऊ, अंगानं दांडगा, तालमीत जाणारा. तिसरा गावातल्या किराणा दुकानदाराचा मुलगा. ते लिंगायत, गळ्यात लिंग, घरात कांद्यापुढं कधी मजल गेली नाही. त्याला सशात काडीचा रस नव्हता. पण सभा म्हटलं की तो दुकान सोडून यायचा.

पहिल्या सभेत वाटपावरून वाजलं. सशाचं काळीज आणि मागचे पाय डोहाळ्यापोटी राखीव, हे सर्वानुमते झालं. उरलेल्या सशाचे वाटे कोण घालणार? चुलत भावावर कुणाचा विश्वास नव्हता, सचिवाच्या पोरावर चुलत भावाचा नव्हता आणि माझ्यावर दोघांचाही नव्हता. शेवटी सगळ्यांची नजर दुकानदाराच्या पोराकडे गेली. जो खातच नाही तो वाटा कशाला मारेल? शिवाय तराजू धरायची त्याला सवय. अशा रीतीनं जन्मात मांस न बघितलेला माणूस ससे शिकार सोसायटीचा चेअरमन झाला. सूचक मी, अनुमोदक चुलत भाऊ.

त्यानं एकच अट घातली. शिकारीला येईन, पण जीव जाताना बघणार नाही. सशाकडे पाठ करून उभा राहीन. मंजूर झाली. चेअरमन झाल्यापासून तो पायजमा सोडून धोतर नेसायला लागला, दुसऱ्या दिवशीच.

मग तीरकमठा. कळकाचा कमठा वाकवला, अंबाडीची दोरी लावली. पहिला कमठा चुलत भावानं ताण बघायला ओढला आणि मोडला. दुसराही त्यानंच. तिसरा त्याच्यापासून लपवून ठेवला. तीर तुराट्यांचे केले, ते सुटल्यावर वाऱ्याबरोबर फिरायला जायचे, म्हणून कळकाच्या कामट्या तासल्या, टोकाला ठोकून चपटे केलेले खिळे बांधले आणि मागं आमच्या कोंबडीची पिसं लावली. सोसायटीच्या गोदामामागं पोतं टांगून सराव सुरू झाला. माझे तीर पोत्याच्या आजूबाजूला सगळीकडे जायचे. चेअरमननं गंमत म्हणून एकदा कमठा हातात घेतला आणि ओळीनं तीन तीर पोत्याच्या मधोमध मारले. दुकानापुढच्या बकऱ्यांना खडे मारून मारून त्याचा नेम बसला होता. आमचं त्याच्या पाया पडायचं तेवढं बाकी राहिलं. तो म्हणाला, "पोत्याला कितीबी मारतो. पोत्यात जीव न्हाई." मग ठराव झाला की चेअरमन पाठमोरे राहून तांत्रिक मार्गदर्शन करतील.

आता सशाबद्दल. ससा दडीत बसला की मातीचा ढेकूळच. तो आहे हे कळतं ते फक्त डोळ्यामुळं, आणि तो डोळा मागचंही बघतो. त्याच्याकडे सरळ चालत गेलात तर गेला. तुम्ही भलत्याच कामाला निघालाय, सासुरवाडीला वगैरे, असं दाखवत तिरकं चालत जायचं, त्याच्याकडे बघायचं नाही आणि पंधराएक पावलांवर थांबायचं. थांबलात की त्याला संशय येतो, म्हणून थांबायच्या आत दोरी ओढलेली हवी. आणि दोरी सुटल्याचा आवाज त्याला तीर पोचायच्या आधी पोचतो. तेवढ्यात तो निघून जातो आणि तीर त्याच्या बसायच्या जागेला लागतो. हे सगळं आम्ही पहिल्या दिवशी शिकलो. त्या दिवशी सचिवाच्या पोरानं ससा समजून एका दगडाला तीर मारला. नेम चांगला होता, पण तो दगड होता.

बाजारच्या दिवशी काम बंद असायचं. पुढच्या बाजारी आम्ही सकाळीच माळावर गेलो. सगळा माळ करपलेला, तरवड तेवढा हिरवा. एका तरवडाखाली मला ढेकूळ दिसलं आणि ढेकळाला डोळा दिसला. मी हात वर केला. चेअरमन डाव्या अंगाला थोडं लांब जाऊन पाठ करून उभे राहिले.

"कुणाची पाळी?" चुलत भाऊ कुजबुजला. ठरावाप्रमाणे पाळीपाळीनं तीर मारायचा होता.

"माझी," मी म्हणालो. "ह्यानं मागल्या बाजारी मारलाय."

"तो दगड व्हता," सचिवाचा पोरगा म्हणाला. "दगडाला मारलेला तीर पाळीत धरत न्हाईत."

"कुठं लिव्हलंय?"

त्यानं तिथंच वही उघडली. तिघं उकिडवे बसून पानं चाळायला लागलो. वहीत दगडाबद्दल काहीच नव्हतं. चेअरमननं मान न वळवता विचारलं, "ससा हाय का गेला?"

"हाय. बघायलाय आमच्याकडं."

"मग मतदान घ्या."

मतदान घेतलं. दोघांचे हात माझ्या बाजूनं वर गेले, एक हात माझाच. पाठमोऱ्या माणसाचं मत धरायचं का, यावर पुन्हा थोडी चर्चा झाली. ससा जागचा हलला नव्हता. त्याला बिचाऱ्याला कधी असं काही बघायला मिळालं नसावं. अखेर सगळं कायदेशीर झालं, मी कमठा उचलला, दोरी कानापर्यंत ओढली आणि सोडली. ससा सरळ वर उडाला, हवेतच वळला आणि डोंगराकडे गेला. तीर डावीकडे गेला.

"लागला का?" चेअरमन ओरडले.

"लागला."

"कुठं?"

"तुमच्या धोतराला."

धोतराचा सोगा दुसऱ्याच एका तरवडाच्या बुडाशी जमिनीत पक्का ठोकला गेला होता. चेअरमन जागचे हलले नाहीत. "रगत हाय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"ससा मेला का?"

"गेला."

"मग वळू का?"

"वळू नका. धोतर फाटंल."

चुलत भावानं तीर उपटला, तेव्हा कुठं आमचे चेअरमन मोकळे झाले. एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण सचिवाच्या पोरानं इमानदारीनं वहीत लिहिलं: सभासद हजर चार, ससा हजर एक, मतदानानंतर निघून गेला, चेअरमनच्या धोतरास एक भोक. आणि ती वही गोदामाच्या ओट्यावर विसरला. दुपारपर्यंत गावात ज्याला वाचता येतं त्यानं ती वाचली होती आणि ज्याला येत नाही त्याला वाचून दाखवली होती. मी घरी जायला वळलो तर पारावरचे म्हातारे मला बघून जागच्या जागी हात वर करायला लागले.

मी तणतणतच घरात शिरलो. माय बाजारला गेली होती. अक्का भिंतीला टेकून बसली होती, शेळी तिच्या पायाशी. मी कमठा फेकला आणि सांगितलं की हा पोरखेळ बास. धारूरला ओळखीच्या एकाकडे ठासणीची बंदूक आहे, तो परवा येतो म्हणालाय. परवा तुझ्या ताटात ससा.

अक्का दचकली. "बंदुकीचा नको. छर्रे दाताखाली येत्यात."

मग मात्र माझं डोकं फिरलं. मला राग फार लवकर येतो, आजही येतो. "कुत्र्याचा नको, जाळ्याचा नको, बंदुकीचा नको! तुला ससा खायचाय का मला गावात नाचवायचंय? लोक हसायलेत माझ्यावर. तुझ्या नादात मी येडा झालोय!" असं बरंच बोललो. पोटुशी बाई पुढं आहे, हेही विसरलो.

तिनं कमठा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "बस खाली. मला ससा नकोच व्हता."

"मग?"

"कोंबडीचं काय झालं बघितलंस ना? मी अंडं म्हनले अन् तिनं कोंबडी कापली. रोज सकाळी इचारती. मी काय बी म्हनले असते तर तिनं कुठून तरी आणलं असतं." तिनं दाराकडे बघून घेतलं. "मला मटण खावंसं वाटतंय. लई वाटतंय. तसं बोलले असते तर संध्याकाळी ही शेळी पातेल्यात असती."

मी शेळीकडे बघितलं. ती अक्काचा पदर चघळत होती.

"हे असं खाऊन माझ्या अंगावर दूध येईल का न्हाई, कुणाला ठाऊक? ही ऱ्हायली तर बाळाला घोटभर मिळंल. म्हून असं मागितलं, जे कुणालाच आणता येनार न्हाई."

"आन तीर कावून?"

"कुत्र्यानं धरला असता की. तुझा नेम मला ल्हानपनापासून म्हाईत हाय." हे म्हणताना तिला हसू फुटलं. मग ती शेळीचं तोंड पदरावरून बाजूला करत म्हणाली, "दिवसातून धा येळा वाटतंय, हिचंच काळीज खावं. जवळ आली की मी तोंड फिरवते."

मी तिच्यावर ओरडलो होतो याची इतकी लाज वाटली की मी तिथंच रडायला लागलो. ती म्हणाली, "रडतूस कावून येड्या? मायला सांगू नको म्हंजे झालं."

मी धारूरला निरोप पाठवून बंदूक नको म्हणून कळवलं. आणि त्यानंतर प्रत्येक बाजारी नेमानं शिकारीला गेलो. कारण ससा मिळणार अशी आशा होती तोवर माय दुसरं काही करणार नव्हती. गाव हसलं, हसू दिलं. दोस्तांना मी काही सांगितलं नाही. माझे तीर चुकवायला मला कष्ट पडले नाहीत, पण चुलत भाऊ सुधारत चालला होता. एकदा त्यानं बसलेल्या सशावर अगदी अचूक नेम धरला. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "कोरम न्हाई! चेअरमन पाठमोरे हायेत!" ससा पळाला. चुलत भाऊ कमठा टाकून माझ्या अंगावर आला. पाठमोऱ्या चेअरमननी हात वर करून सांगितलं, "हरकत मान्य." वहीत तशी नोंद झाली.

संध्याकाळी माय दारातच विचारायची, मिळाला का. मी मान हलवायचो. "ह्याच्याच्यानं काय व्हनार न्हाई," ती म्हणायची आणि तिच्याहून मोठ्या आवाजात अक्का मला शिव्या घालायची, की असला कसला भाऊ, एक ससा आणवत नाही. मी खाली मान घालून ऐकायचो. एके दिवशी मायनं शेळीकडे बघत हळूच विचारलं, "सशाच्या बदली हिचं चालंल का गं?" माझा घास हातातच राहिला. अक्का नाक मुरडून म्हणाली, "शी! शेळीचा वास येतो मला. ससाच पायजे." आणि भाकरीचा कोरडा तुकडा तोंडात घातला. तिनं तो किती वेळ चावला ते मी बघत होतो.

चैत्रात तिला मुलगी झाली. चार दिवस अक्काच्या अंगावर दूध आलं नाही. पोर रडून रडून लाल व्हायची. मायनं शेळीची धार काढली, दुधात पाणी घालून उकळलं आणि कापसाचा बोळा बुडवून पोरीच्या ओठांना लावला. पोरगी गप्प झाली आणि चोखायला लागली. मी उंबऱ्यावर बसलो होतो. माय बोळा पुन्हा दुधात बुडवत म्हणाली, "समदं नीट झालं बाई. तुझे डोहाळे तेवढे ऱ्हायले. मला काय पुरवता आले न्हाईत." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

"जाऊ दे माय," अक्का म्हणाली. "आता इच्छा बी गेली."

तिनं माझ्याकडे बघितलं नाही आणि मीही तिच्याकडे बघू शकलो नाही. मी उठलो, कोपऱ्यातली काठी घेतली आणि शेळीसाठी बाभळीच्या शेंगा झोडायला गेलो.